खोडलेला नंबर परत मिळतो, पण किती खात्रीने?

३१ जुलै २०२५ला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल दिला. २९ सप्टेंबर २००८च्या त्या स्फोटात सहा जणांचा जीव गेला होता. जवळपास सतरा वर्षांनी सातही आरोपी निर्दोष सुटले. टीव्हीवर चर्चा झाली ती राजकारणाची. मला मात्र त्यात एक तांत्रिक मुद्दा दिसला आणि त्यावर फारसं कुणी बोललंच नाही. तो म्हणजे मोटारसायकलचा खोडलेला नंबर.

स्फोटाच्या जागी एक एलएमएल फ्रीडम मोटारसायकल सापडली होती. ती प्रज्ञासिंह ठाकूर यांची होती, असा तपास यंत्रणांचा दावा होता. न्यायालयाने म्हटलं की चेसिस नंबर न्यायवैद्यक तज्ज्ञांना पूर्णपणे परत मिळवता आला नाही, त्यामुळे गाडी त्यांचीच होती हे सिद्ध होत नाही. बॉम्ब याच गाडीत ठेवला होता हेही सिद्ध झालं नाही. निकालामागे इतर कारणंही होती आणि मृतांच्या नातेवाइकांनी निकालाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. कोण दोषी, कोण निर्दोष हा या लेखाचा विषय नाही. आपला प्रश्न साधा आहे: धातूवरून घासून काढलेला नंबर परत कसा वाचतात आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा?

नंबर जातो, ठसा राहतो

गाडीच्या चेसिसवर किंवा बंदुकीवर नंबर बहुतेक वेळा पंच ठोकून किंवा दाबून उमटवलेला असतो. पोलाद म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांची रचना. पंच बसला की वर खड्डा दिसतो, पण दाब त्या खड्ड्याच्या तळाखालीही जातो. तिथले स्फटिक दबतात, सरकतात, वाकडे होतात. कानस किंवा ग्राइंडर मारून वरचा खड्डा नाहीसा केला तरी खालचा हा दबलेला भाग बऱ्याचदा शिल्लक राहतो. डोळ्यांना सपाट, चकचकीत पत्रा दिसतो, पण धातूच्या पोटात नंबर असतो.

तो बाहेर काढायची जुनी आणि आजही वापरात असलेली पद्धत रासायनिक आहे. आधी पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत करतात. मग पोलादासाठी फ्राय द्रावण लावतात, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, क्युप्रिक क्लोराइड आणि पाणी. दबलेला धातू आणि शेजारचा धातू या द्रावणाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे अंकांच्या रेषा उठून दिसू लागतात. कधीकधी त्या थोडा वेळच दिसतात, म्हणून तज्ज्ञ पुसत, पुन्हा लावत, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत जातात. ॲल्युमिनियमसाठी द्रावण वेगळं लागतं. अंक ओतीव असेल तर हा उपाय चालत नाही, कारण तिथे ठोकलेला दाबच नसतो.

अमेरिकेतल्या निस्ट या मापन संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा मार्गही दाखवला आहे. पॉलिश करून पूर्ण घालवलेलं अक्षर त्यांनी स्फटिकांच्या बिघडलेल्या रचनेवरून परत वाचलं. आम्लाची गरज नाही, पण वेळ आणि यंत्र दोन्ही महाग.

वाचलेला अंक हा ‘अंदाज’ असतो

इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. कॅमेऱ्याने नंबरप्लेट वाचणारा प्रोग्राम ‘८’ एवढंच सांगत नाही. ‘८ असण्याची शक्यता इतकी, ३ असण्याची इतकी’ असं सांगतो. आम्लातून उठलेल्या अंधुक रेषांचंही तसंच असतं. ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७ यांत घोळ होणारच.

समजा, दोन अंक अजिबात दिसले नाहीत. मग १०० शक्यता उरतात. कंपनीचं मॉडेल, वर्ष, विक्रीची नोंद लावून यादी छोटी करता येते. पण हा डेटाबेसमधला शोध झाला, पुरावा नव्हे. त्याहून मोठा धोका माणसाच्या डोक्यात असतो. तपास अधिकारी आधीच म्हणाला, ‘साहेब, नंबर असा असा असायला हवा, बघा जरा’, तर त्या धुरकट रेषेत तज्ज्ञाला तोच अंक दिसायची शक्यता वाढते. इथे एक अंक चुकला तर निरपराध माणूस वर्षानुवर्षं तुरुंगात जाऊ शकतो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहू शकतो.

रे रोडच्या जहाजांचं गणित

माझी रोजची ये-जा रे रोडवरून. स्टेशनच्या पूर्वेला दारुखाना आहे, जहाजतोडणी आणि भंगारासाठी ओळखला जाणारा. मोठ्या समुद्री जहाजांना सात अंकी आयएमओ नंबर असतो आणि तो जहाजावर कायमचा कोरावा, ठोकावा किंवा उठावदार करावा लागतो. जहाजाचं नाव बदलतं, मालक बदलतो, झेंडा बदलतो, नंबर तोच राहतो.

गंमत त्याच्या शेवटच्या अंकात आहे. पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा अंक हाच नंबरचा सातवा अंक. उदाहरणार्थ ९०७४७२९ : ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९, म्हणून शेवटी ९. आता पाचवा अंक घासला गेला असं धरा. उरलेली बेरीज ११८. तिच्यात ३ ने गुणलेला अंक मिळवून शेवटी ९ यायला हवा, म्हणून तो अंक फक्त ७. आम्ल नाही, सूक्ष्मदर्शक नाही, नुसती बेरीज! प्रत्येक जागी इतकं नेमकं उत्तर मिळत नाही, काही जागी दोन किंवा पाच शक्यता उरतात, पण तीही मोठी मदत. आधार क्रमांकाचा आणि मोबाइलच्या आयएमईआयचा शेवटचा अंकही असाच तपासणीचा असतो.

बंदुकीच्या साध्या अनुक्रमांकात असा तपासणीचा अंक नसतो. तिथे गेलेला अंक गणिताने परत येत नाही.

जुन्या बंदुकांचं काय?

संग्राहकांच्या जगात हा प्रश्न अजून किचकट होतो. ली-एनफिल्ड रायफलचा नंबर मुख्य भागावर असतो, बोल्टवर असतो, नळीच्या टोकाच्या टोपीवरही असतो. एक जागा खोडली तरी दुसरी साक्ष देते. मात्र बोल्ट बदललेला असेल तर ती साक्ष खोटी. त्यात जुन्या कारखान्यांमध्ये एकच आकडा वेगवेगळ्या मॉडेलवर पुन्हा येऊ शकतो. म्हणजे बनावट, मॉडेल आणि वर्ष कळल्याशिवाय नुसत्या नंबरला अर्थ नाही. मराठेशाहीतल्या तोड्याच्या बंदुकीवर तर कारखान्याचा अनुक्रमांक नसतोच.

वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची बंदूक सापडली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ४५नुसार पुराणवस्तू म्हणून सूट मिळते ती दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या हत्यारालाच. फक्त ‘जुनी आहे’ हे पुरत नाही. आणि कलम ८नुसार नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याकडे सापडते त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. म्हणून घरी पॉलिश पेपर, आम्ल वगैरे प्रयोग नकोत. जुना थर जातो, पुरावा जातो आणि संशय तुमच्यावर येतो. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

मग हवं काय?

माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, अहवालात नंबर एका ओळीत न लिहिता प्रत्येक अंकापुढे खात्री किती आणि दुसरा पर्याय कोणता हे लिहावं. दुसरी, वाचणाऱ्या तज्ज्ञाला अपेक्षित नंबर आधी सांगू नये, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने पहिल्याचं उत्तर न बघता तेच फोटो वाचावेत. तिसरी, प्रत्येक टप्प्याचे मूळ फोटो बचाव पक्षालाही मिळावेत. यातल्या कशालाही नवं यंत्र लागत नाही, कामाची शिस्त लागते.

‘नंबर सापडला’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल तेव्हा एवढंच विचारा: किती अंक सापडले, किती खात्रीने, आणि वाचणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं का?