पिकपच्या केबिनींतील रोषणाई

ज्यांचे घरीं भाजीपाल्याच्या वाहतुकीस पिकप गाडी आहे, अशा आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांनीं अलीकडे केबिनींत एलईडीच्या रंगीत पट्ट्या बसवून घेतल्या आहेत. डॅशबोर्डाखालीं निळी, छतास जांभळी, देवाच्या तसबिरीभोंवतीं तांबडी. जुनी मंडळी या रोषणाईस उधळपट्टी म्हणून नांवें ठेवितात. आमचें मत तसें नाहीं. जो तरुण सायंकाळीं पिंपळगांव बसवंत अथवा नारायणगांव येथून टोमॅटोचे क्रेट भरून निघतो व पहांटेपूर्वीं वाशीच्या बाजारांत पोंचतो, त्याची केबिन हेंच त्या रात्रीपुरतें त्याचें घर होय. बैलांचीं शिंगें रंगवून त्यांस घुंगुरमाळा बांधणाऱ्या आमच्या पिढीनें त्याच्या हौसेस हंसणें शोभत नाहीं. आमची तक्रार त्या दिव्यांस वीज पुरविणाऱ्या तारेविषयीं आहे, व थोडी दिव्यांच्या जागेविषयीं आहे.

रस्त्याकडेच्या दुकानांत हें काम बहुधा घाईनें होतें. जवळांत जवळ जी तार सांपडेल तिचें साल काढावयाचें, पट्टीची तार तिला पिळावयाची, वर चिकटपट्टी गुंडाळावयाची, कीं झालें! कोणी थेट बॅटरीवरूनच तार आणितो व ती पत्र्याच्या भोंकांतून आंत घेतो. दिवा लागला म्हणजे मालक संतुष्ट व कारागीरहि संतुष्ट. पुढें उन्हाळ्यांत बंद केबिन तापते व चिकटपट्टीचा डिंक सुटतो. अथवा कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनीं पत्र्याची धार तारेचें साल कापते. गाडीचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकास जोडलेला असतो. उघडी तार त्यास टेकली कीं मंडल पुरें झालें. १२ व्होल्टांनीं माणसास झटका बसत नाहीं, म्हणून ही वीज निरुपद्रवी समजण्याचा प्रघात पडला आहे. तो फार घातक आहे. डिझेल गाडीस सेल्फ मारतांना हीच बॅटरी शेंकडों अँपियर प्रवाह देते. तसा प्रवाह बारीक तारेंतून गेल्यास तार क्षणांत लाल होते, तिचें प्लास्टिक पेटतें, आणि शेजारींच आसनाचा स्पंज असतो.

यावर उपाय कांहीं रुपयांचा आहे, व तो म्हणजे फ्यूज. फ्यूज दिव्याकरितां असतो असा समज आहे. वास्तविक तो तारेच्या रक्षणार्थ असतो. म्हणून तो जेथून वीज घेतली तेथेंच, अगदीं आरंभीं, पाहिजे. पट्टीजवळ बसविलेला फ्यूज मागील तारेस कांहीं उपयोगी नाहीं. हिशेबहि कठीण नाहीं. मीटरास ६० दाणे असलेली बारीक दाण्यांची साधी पट्टी मीटरामागें सुमारें ४.८ वॅट खाते. पांच मीटरांस २४ वॅट, म्हणजे १२ व्होल्टांवर २ अँपियर. तीस ३ अँपियरचा फ्यूज पुरे. मोठ्या दाण्यांची पट्टी याच्या तिप्पट, म्हणजे ६ अँपियर घेते. तीस साडेसात अँपियरचा फ्यूज व त्याहून अधिक भार सोसणारी तार लागते. असलेल्या फ्यूजच्या जागीं बसून दुसऱ्या फ्यूजची वाट काढून देणारा लहानसा जोड बाजारांत मिळतो. तो चावी फिरविल्यावरच वीज येणाऱ्या जागीं घालावा. नाहींपेक्षां २ अँपियरची पट्टी दहा तास विसरून राहिल्यास २० अँपियर-तास खर्च होतात. ६० अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा तिसरा हिस्सा, आणि माल भरलेली गाडी पहांटे ढकलावी लागते. पत्र्यांतून तार नेणें झाल्यास भोंकास रबरी कडें बसवावें. पिवळ्या वेष्टनांतील तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस कोणासहि हात लावूं देऊं नये.

आतां जागेविषयीं. अंधारास डोळे पूर्णपणें सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो, व तें सरावणें निळ्या प्रकाशानें फार लवकर मोडतें. शिवाय उजळ पट्टीचें प्रतिबिंब पुढील कांचेवर पडतें. कसारा घाटांत धुकें असतां कांचेवर स्वतःचीच रोषणाई पाहत गाडी हांकणें हें कसलें शहाणपण? पट्टी गुडघ्यांच्या खालीं, दाणे डोळ्यांस न दिसतील अशी, पिवळसर व मंद असावी. छताची पट्टी गाडी उभी असतांच लावावी. तांबड्या पट्टीविषयीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सामान्य गाडीनें पुढील बाजूस तांबडा प्रकाश दाखवूं नये, असें केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत आहे.

आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस नोंदीची खोड आहे, ती वाचकांनीं सहन करावी. कोणती तार कोठून घेतली, फ्यूज कोठें व किती अँपियरचा, हें कारागिराकडून एका कागदावर लिहून घ्यावें व तो गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढील दुरुस्तीस येणारा मनुष्य निराळा असतो व तो अंधारांत चांचपडतो. नोंद नसलेली तार ही सातबाऱ्यावर न चढलेल्या बोजासारखी होय. ती नेमकी अडचणीच्या वेळीं उघडकीस येते. कंपनीच्या मूळ किंमतींत नसलेलें विजेचें सामान विम्याच्या कागदांतहि निराळें नोंदवावें लागतें. एरव्हीं तें विम्यांत धरलें जात नाहीं.

जातां जातां एक सुचवितों. ज्या हौद्यांत सगळें उत्पन्न भरलेलें असतें, तो बहुतेक गाड्यांत काळोखांतच असतो. क्रेट मोजणें, दोर आंवळणें, ताडपत्री ओढणें हीं कामें मोबाईल तोंडांत धरून चाललेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. सिलिकॉनच्या आवरणांतील दोन मीटर पांढरी पट्टी फळ्यांच्या वरच्या कडेखालीं, निराळ्या बटनावर व निराळ्या फ्यूजवर बसविल्यास बाजारांत हमालाबरोबर क्रेटांची मोजदाद उजेडांत करितां येईल. केबिनीचें काम त्याच दिवशीं त्याच कारागिराकडून करून घेण्यास आमची हरकत नाहीं.