दप्तर तोलले, बाकाचे काय?

दप्तराच्या ओझ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे, आणि ते योग्यच झाले. 2020 साली केंद्र शासनाने दप्तरासंबंधी धोरण जाहीर केले. पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या एक-दशांशाहून अधिक भार असू नये, असे त्यात सांगितले आहे. शाळेत वजनकाटा ठेवावा, अशीही सूचना आहे. परंतु थोडा हिशेब करून पाहा. दप्तर पाठीवर असते ते घरापासून बसथांब्यापर्यंत आणि बसथांब्यापासून वर्गापर्यंत. फार तर अर्धा तास. वर्गात शिरताच ते खाली उतरते. त्यानंतर मूल ज्या लाकडी बाकावर पाच-सहा तास काढते, त्या बाकाचे माप कोणी घेतले आहे काय? आमच्या मते विद्यार्थ्यांच्या पाठीचा प्रश्न दप्तरापेक्षा बाकापाशी अधिक आहे, आणि त्याकडे शाळांचे व पालकांचेही लक्ष गेलेले नाही.

मराठीत ‘पाठ’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. शरीराची ती पाठ, पुस्तकातला तो पाठ, आणि घोकून मुखोद्गत केले की तेही पाठच! आम्हां कोंकणी भाषकांच्या घरी ही सोय नाही. आमची पाठ ती ‘फाट’ आणि पुस्तकातला पाठ तो ‘धडो’. म्हणून मराठी शाळेत नव्याने येणाऱ्या आमच्या मुलांना या शब्दाची गंमत वाटते. परंतु नववी-दहावीची मुले पाठ करता करता पाठ धरून बसलेली दिसू लागली, की त्या गमतीतील गंमत जाते. घरी सांगावे तर वडीलधारी मंडळी म्हणतात, “या वयात कसली रे पाठदुखी! आम्ही तुझ्या वयाचे असताना शेतात दिवसभर वाकत होतो.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ते वाकत होते, पुन्हा उठत होते, चालत होते, डोक्यावर भारा घेत होते. त्यांची पाठ एका जागी खिळलेली नव्हती.

शरीराची रचनाच मुळी हालचालीसाठी आहे. आपल्या पाठीच्या कण्यात मणक्यांच्या मध्ये लवचीक अशा 23 चकत्या असतात. मोठेपणी या चकत्यांना स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. त्यांना लागणारे पोषण आजूबाजूच्या भागातून झिरपत येते, आणि त्या झिरपण्याला दाब कमी-जास्त होण्याचे, म्हणजेच हालचालीचे, साहाय्य होते. पाठीचे स्नायूही तसेच. एकाच स्थितीत त्यांना ताणून धरले की ते थकतात आणि दुखू लागतात. ही गोष्ट आजची नव्हे. इटलीतील वैद्य बर्नार्दीनो रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बसून काम करणारे शिंपी आणि जोडे शिवणारे कारागीर पाठीत कसे वाकून जातात, याचे वर्णन त्यांनी केले आहे. आणि लेखनिकांच्या दुखण्याच्या कारणांत सतत बसून राहणे हे एक कारण सांगितले आहे. त्या काळी लेखनिक हा एक लहानसा वर्ग होता. आज शाळेत जाणारे प्रत्येक मूल लेखनिक झाले आहे, आणि शाळा सुटल्यावर ते शिकवणीला व तेथून मोबाइलपुढे पुन्हा बसतेच.

यावर आम्हां शिक्षकांचा ठरलेला उपाय म्हणजे “ताठ बस!” ही आज्ञा. ही आज्ञा किती वेळ पाळली जाते, हे ज्याने वर्गाकडे पाहिले आहे त्याला ठाऊक आहे. पाच मिनिटे पाठी ताठ राहतात. मग एकेक करून सर्व पुन्हा वाकतात. यात मुलांचा आळस फारसा नाही. मांड्या आणि धड यांचा काटकोन करून बसले की कटिभाग मागे कलतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो. त्यातच वहीसाठी सपाट फळीवर ओणवे व्हावे लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कचे शल्यवैद्य मांडल यांनी शाळेतील मुलांच्या बसण्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि बैठक किंचित पुढे उतरती व मेज उंच आणि तिरपे असावे, असे आग्रहाने मांडले. आपल्याकडे जुन्या पेढ्यांवरील दिवाणजी उतरत्या झाकणाचे डेस्क पुढ्यात घेऊन बसत, ते उगीच नव्हे. सपाट फळी सुताराला सोपी आणि स्वस्त. मानेला व पाठीला मात्र ती महाग पडते.

त्याहून मोठा दोष मापाचा. एकाच उंचीची बाके पाचवीपासून दहावीपर्यंत सर्व वर्गांना पुरविली जातात. परिणाम डोळ्यांना दिसतो: पाचवीतील पुष्कळांचे पाय अधांतरी लोंबतात, आणि दहावीतील उंच मुलांचे गुडघे वरच्या फळीला लागतात, म्हणून ती तिरपी होऊन बसतात. एकाच वर्गातसुद्धा तेराव्या-चौदाव्या वर्षी दोन मुलांच्या उंचीत वीतभर अंतर सहज असते. आपण गणवेश शिवताना प्रत्येकाचे माप घेतो. चार रुपयांची चप्पलदेखील पाय घालून पाहिल्याशिवाय घेत नाही. मग बाकापुरताच हा समभाव कशाला?

मापाची रीत अवघड नाही. बाकाची बैठक गुडघ्यामागच्या खळग्याच्या उंचीला असावी, म्हणजे तळवा पुरता टेकतो. हात सैल सोडून कोपर दुमडले असता ते जेथे येते, त्याच्या किंचित वर लिहिण्याची फळी असावी. नवी बाके घ्यायला पैसा कोठून आणायचा, असे व्यवस्थापक मंडळी विचारतील, आणि त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण सर्व बाके नवी घ्या, असे आमचे म्हणणेच नाही. प्रत्येक वर्गातील चार-पाच जुन्या बाकांचे पाय दोन-तीन बोटे कापावेत, चार-पाचांखाली ठोकळे बसवावेत. हे सुताराचे एका दिवसाचे काम आहे. ज्यांचे पाय टेकत नाहीत त्यांच्यासाठी पायाखाली एक फळकूट पुरते. जागा मात्र मग उंचीप्रमाणे द्याव्या लागतील. हुशार पुढे आणि खोडकर मागे, हा आमचा प्रिय क्रम थोडा मोडेल, तर मोडो!

बाक कितीही मापाचे केले तरी त्यावर तासन्‌तास बसणे बरे नाही, ही दुसरी गोष्ट. प्रत्येक तासिकेच्या घंटेला सर्व वर्गाने उभे राहून हात वर ताणावेत, कंबर मागे वाकवावी; अर्ध्या मिनिटाचे काम आहे. उत्तर देताना उभे राहण्याची जुनी पद्धत कित्येक ठिकाणी मागे पडली, ती परत आणावी. कवितावाचन तर उभ्यानेच शोभते. आणि परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताला देऊन टाकण्याची जी चाल पडली आहे, ती आम्हांस अन्यायाची वाटते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल असा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली सांगितले आहे.

घरी अंथरुणावर पालथे पडून किंवा मांडीवर पुस्तक घेऊन अभ्यास करणाऱ्यांनी पुढ्यात चौरंग तरी घ्यावा, आणि अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारावी. पाठ दुखतच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, सावकाश चालावे, झेपेल तसे भुजंगासन करावे. दिवसेंदिवस निजून राहण्याचा जुना सल्ला आता वैद्यक देत नाही. मात्र रात्री झोपमोड करणारी वेदना, ताप, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा जाणे, यांपैकी काहीही असेल तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. काही आठवडे न हटणारे दुखणेही त्यांना दाखवावे. एक खांदा उंच व एक खाली दिसत असेल तरी दाखवावे. तो दोष बाकाने किंवा दप्तराने येत नाही, पण तो वेळीच कळलेला बरा.

केवळ बाकामुळेच पाठ दुखते, असा आमचा दावा नाही. झोप कमी, चिंता अधिक आणि खेळ बंद, हेही त्यात आहेच. पण झोप व चिंता यांवर शाळेचा अंमल थोडा. बाक तर शाळेच्या मालकीचे आहे. पुढील पालक-शिक्षक सभेत शुल्क, सहल आणि स्नेहसंमेलन यांबरोबर हा विषयही घ्यावा, अशी आमची विनंती आहे. मोजणी फार दिवसांची नव्हे. एक मोजपट्टी, एक खडू आणि प्रत्येक वर्गाची एक तासिका यांत ती होईल; कोणत्या बाकाचे पाय कापायचे त्याच्यावर खडूची खूण विद्यार्थ्यांनीच करावी.