विश्लेषण : टिनशेड उडते ते वाऱ्यामुळे की जोडणीमुळे?

जून २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात वादळी वाऱ्याने एका घरावरची टिनपत्रे उडाली. छताच्या लोखंडी अँगलला पाळणा बांधलेला होता. पत्रे आणि अँगलबरोबर पाळणाही उडाला आणि त्यात झोपलेले सहा महिन्यांचे बाळ दगावले. राज्यभर या बातमीने हळहळ व्यक्त झाली, पंचनामा झाला आणि घटनेची नोंद नैसर्गिक आपत्ती म्हणून झाली.

या घटनेतली एक गोष्ट मात्र अभियंत्यांनी पुन्हा पुन्हा सांगावी अशी आहे. ज्या अँगलला आईवडील विश्वासाने पाळणा बांधतात, तो पाळण्याचे ओझे पेलायला पुरेसा मजबूतच असतो. पण ही मजबुती खालच्या दिशेची. वादळात ओढ वरच्या दिशेने लागते आणि त्या दिशेने अँगलला भिंतीशी धरून ठेवण्याचा विचार आपल्याकडच्या बहुतेक छतांत झालेलाच नसतो. घर, गोठा, मंदिराचा सभामंडप, बाजार समितीतले लिलावाचे शेड किंवा देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडची बीजोत्पादनाची शेडनेट, सगळीकडे मूळ प्रश्न हाच आहे.

वारा छत दाबतो की उचलतो?

उचलतो. घरावरून वारा वेगाने जातो तेव्हा छताच्या वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. त्यात वाऱ्याकडचे दार उघडे असेल किंवा शेडची एकच बाजू मोकळी असेल, तर आत शिरलेली हवा पत्र्याला खालून ढकलते. वरून ओढ आणि खालून रेटा अशा दोन्हींची बेरीज होते. छताच्या कडेला आणि कोपऱ्यांत ही ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते. म्हणूनच पत्रे नेहमी कडेपासून उचकटायला सुरुवात होते आणि एक कड सुटली की बाकीचे पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे मागोमाग निघतात.

किती ओढ, हे मोजता येते. वाऱ्याच्या भाराबाबतचे भारतीय मानक म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग. त्यात देशाचा वाऱ्याचा नकाशा दिला आहे. छत्रपती संभाजीनगरसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, तर नागपूरसाठी ४४ मीटर आहे. बुलढाणा जिल्हा या दोन शहरांच्या मधला. आपण कमी आकडाच धरू. सेकंदाला ३९ मीटर म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. हा दिवसभर वाहणारा वारा नव्हे, तर पन्नास वर्षांतून एखाद्या वेळी येऊ शकणारा तीन सेकंदांचा झोत. मानकाच्या सूत्राने त्याचा दाब निघतो चौरस मीटरला सुमारे ९३ किलो.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्रा घ्या. अर्धा मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचे वजन साधारण १२ किलो असते आणि त्या झोतात त्याच्यावरची ओढ जाते अडीचशे किलोच्या घरात. (आकार, उतार, उंची यांनुसार गुणांक बदलतात, पण अंदाजाला एवढे पुरे.) हवामान विभागाच्या इशाऱ्यांत ज्या ‘ताशी ५० ते ६० किलोमीटर’ वाऱ्याचा उल्लेख असतो, त्या वेगालाही याच पत्र्यावर ३० ते ४५ किलोची ओढ येते. म्हणजे नुसता ठेवलेला पत्रा उडायला मोठे वादळ लागतच नाही. पत्र्यांवर दगड ठेवण्याची पद्धत गावोगाव दिसते. पाच-सात किलोचा दगड या हिशोबात कोठेच बसत नाही, उलट पत्र्याबरोबर तो खाली कोणाच्या तरी डोक्यात येतो.

लोखंड जाड वापरले तर प्रश्न सुटतो का?

फॅब्रिकेशनच्या दुकानात भाव ठरतो तो किलोवर किंवा चौरस फुटावर. त्यामुळे गिऱ्हाईक पाइपची जाडी, गेज आणि कंपनीचे नाव विचारते. जाडीला महत्त्व आहेच. पण उडालेल्या शेडचे अवशेष पाहिले तर पाइप मधोमध तुटलेला क्वचित दिसतो. सुटलेले असतात ते जोड. पत्रा आणि पर्लिन यांच्यातला हूक निघालेला असतो, पर्लिन आणि कैची यांच्यातला वेल्डिंगचा टाका तुटलेला असतो किंवा खांबच पायासकट उपटलेला असतो. वाऱ्याची ओढ पत्र्यापासून जमिनीपर्यंत साखळीसारखी उतरते आणि त्या साखळीत पाइप ही सहसा कमजोर कडी नसते.

पोलादी बांधकामाचे मानक, आयएस ८०० (२००७ ची आवृत्ती), याबाबत फार व्यवहारी आहे. पोलादाच्या ताकदीला ते १.१० ने भागायला सांगते. कारखान्यात केलेल्या वेल्डिंगला १.२५ ने आणि जागेवर केलेल्या वेल्डिंगला १.५० ने. म्हणजे तोच टाका शिडीवर उभे राहून, वाऱ्यात, जनरेटरवर मारला की हिशोबातली त्याची ताकद सहाव्या हिश्शाने कमी धरायची. आपल्याकडे शेताततले अनेक जोड असेच शिडीवर उभे राहून मारले जातात आणि त्यांची ताकद कोणी धरतच नाही, ना कमी ना जास्त.

कैचीचेही असेच आहे. एरवी कैचीची खालची पट्टी ताणात असते. दोरी ओढून धरावी तशी. म्हणून तिथे बारीक पाइप किंवा हलका अँगल लावला तरी चालते. वाऱ्याने छत वर उचलले की सगळे उलटते आणि त्याच पट्टीवर दाब येतो. बारीक लांब काठी दोन्ही टोकांनी दाबली की जशी मधे वाकते, तशी ती वाकते. छतावर चढणाऱ्या माणसाचा भार सगळ्यांच्या लक्षात असतो. ज्या छतावर एरवी ये-जा नसते त्यासाठी मानक चौरस मीटरला सुमारे ७५ किलो धरते. वाऱ्याचा उलटा भार त्याहून मोठा असतो, हे मात्र कैची बनवताना कोणी सांगत नाही.

पाया हवा की खड्डा?

या साखळीतली सर्वांत दुर्लक्षित कडी म्हणजे पाया. समजा, शेडचा एक खांब २० चौरस मीटर छताला धरून आहे. वरच्या हिशोबाने त्याच्यावर सुमारे १,८५० किलोची ओढ येते. छताचे स्वतःचे वजन तीनशे किलो धरले (मानक त्यातलेही ९० टक्केच मोजू देते आणि वाऱ्याची ओढ मात्र दीडपट धरायला सांगते), तरी दीड टन शिल्लक राहते. दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट खोल खड्ड्यात ओतलेल्या काँक्रीटचे वजन भरते सुमारे ३०० किलो. बाकीची पकड मातीने द्यायची.

आणि ही माती कोणती? घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, ती काळी आणि चिकण आहे. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आकसून भेगा पडणारी. एप्रिल-मे मध्ये या भेगा सर्वांत रुंद असतात. खांबाच्या काँक्रीटभोवती बोटभर फट पडलेली कोणीही पाहू शकतो. पूर्वमोसमी वादळे नेमकी याच दिवसांत येतात. पावसाळ्यात जो खांब घट्ट वाटतो, तो मे मध्ये सैल दाढेसारखा असतो.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या पट्ट्याला आणखी एक शाप आहे, खारपाण. जमिनीतले आणि पाण्यातले क्षार लोखंडाला गंजवतात आणि गंज सगळ्यात आधी लागतो तो जमिनीच्या रेषेला, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. वरून चकचकीत दिसणारा पाइप मातीलगत कागदासारखा पातळ झालेला असू शकतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपला वेल्डिंग केले की त्या जागचे जस्त जळते आणि गंजाला वाट मिळते. तिथे जस्तयुक्त रंगाचा हात मारणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण मजुरीत धरलेले नसते. शेडनेटमध्ये म्हणूनच वेल्डिंगऐवजी क्लॅम्प आणि नट-बोल्ट बरे.

मोठ्या शहरांत तरी वेगळे आहे का?

१३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची, फलक १२० बाय १२० फुटांचा. प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार व्हीजेटीआयच्या तपासणीत आढळले की पाया ताशी ४९ किलोमीटर वाऱ्यापुरताच होता. मुंबईसाठी तो १५८ किलोमीटरला टिकायला हवा होता आणि त्या दिवशीचा वारा होता ८७ किलोमीटरचा.

हे आकडे दिसतात त्याहून भयंकर आहेत, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ४९ आणि १५८ यांचे वर्ग घेतले तर तो पाया आवश्यक ताकदीच्या जेमतेम एक दशांश होता. ८७ किलोमीटरच्या वाऱ्याने त्याच्यावर क्षमतेच्या तिप्पट भार टाकला. या फलकाला संरचना स्थैर्याचे प्रमाणपत्रही होते. ते देणाऱ्या अभियंत्याला पुढे अटक झाली.

त्याच वर्षी २६ ऑगस्टला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा अनावरणानंतर नऊ महिन्यांच्या आत कोसळला. तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी आधी ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याचा उल्लेख केला होता. चौकशी समितीने बोट ठेवले ते गंज, सदोष सांगाडा आणि सदोष वेल्डिंगवर. वाऱ्याला दोष देणे सोपे असते, तो जबाब द्यायला येत नाही.

सगळ्या दुर्घटना मात्र या चौकटीत बसवू नयेत. ९ एप्रिल २०२३ रोजी शेगावजवळच्या पारस (जि. अकोला) येथे मंदिराच्या टिनशेडवर जुने कडुनिंबाचे झाड कोसळून सात जण दगावले. एवढे झाड कोणतेही साधे शेड पेलू शकत नाही. तिथला धडा वेगळा आहे. वादळात टिनशेड हा आसरा नव्हे, विशेषतः मोठ्या झाडाखालचे.

भरपाईचे निकष काय सांगतात?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत मैदानी भागातील पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार रुपये, किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. घरालगतच्या गोठ्याला ३,००० रुपये. नुसती पत्रे उडालेले घर बहुधा ‘अंशतः पडझड’मध्ये जाते आणि त्या पैशांत जुनीच पत्रे सरळ करून पुन्हा तशीच ठोकली जातात. पुढच्या वादळाची तयारी तिथेच होते.

शेडनेटवाल्याची अवस्था अधिक बिकट. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत शेडनेटगृहाचा खर्च चौरस मीटरला ७१० रुपये धरून ४,००० चौरस मीटरपर्यंत ५० टक्के अनुदान होते. पूर्ण क्षेत्राचे शेडनेट उभारणाऱ्याचे स्वतःचे, बहुधा कर्जाचे, १४ लाखांहून अधिक रुपये त्या सांगाड्यात अडकले. पीक विमा पिकाचा असतो, सांगाड्याचा नाही आणि आपत्तीच्या निकषांत पीक, घर, गोठा आहे, पण शेडनेटच्या सांगाड्याची वेगळी ओळ नाही. अनुदानाची मोका तपासणी होते तेव्हा पाइपची जाडी आणि क्षेत्र मोजता येते. पाया मात्र तोवर मातीखाली गेलेला असतो. खड्डे उघडे असताना एक भेट आणि मोबाइलवर एक फोटो, एवढा बदल केला तरी निम्मा प्रश्न उघड्यावर येईल. सरकार अर्धे पैसे देते, तेव्हा खड्डा पाहण्याचा हक्क त्याला नक्कीच आहे.

आहे त्या शेडचे काय करता येईल?

पूर्ण शेड पाडून नवे बांधणे कोणाला परवडणार? पण साखळीतली कमजोर कडी शोधून ती बदलणे परवडते. मे महिन्यापूर्वी शिडी लावून कडेचे आणि वळचणीचे हूक हाताने हलवून पाहावेत. वॉशर कुजलेले असतील तर बदलावेत आणि कडेच्या पत्र्यांना मधल्यापेक्षा जवळजवळ हूक मारावेत. भिंतीवरच्या घरात अँगल नुसता विटांवर टेकलेला असेल, तर त्याला लोखंडी पट्टीने किंवा सळईने भिंतीत खाली, किमान तीन-चार फुटांपर्यंत बांधून घ्यावे, म्हणजे भिंतीचे वजन छताच्या मदतीला येते. नवे घरकुल बांधणाऱ्याने स्लॅबचे पैसे पुरत नसतील तर निदान वरच्या थरात काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात बोल्ट सोडावेत. खांबाच्या बुडाशी माती वीतभर उकरून पाइप ठोकून पाहावा. आवाज पोकळ आला किंवा पापुद्रे निघाले तर बुडाला नवा तुकडा आणि बेस प्लेट लागेल. खांबांमध्ये तिरप्या पट्ट्या नसतील तर निदान दोन्ही टोकांच्या गाळ्यांत त्या लावून घ्याव्यात.

नवे शेड किंवा शेडनेट उभारणाऱ्याने फॅब्रिकेटरला किलोचा भाव विचारण्याआधी पायाचा खड्डा किती खोल आणि तो कोणत्या वाऱ्याला पुरेल, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही तर तालुक्याच्या गावी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एका पानाचा नकाशा करून घ्यावा. १४ लाखांच्या कामात ती फी मोठी नाही. आणि छताच्या अँगलला पाळणा बांधलेला असेल, तर आकाश काळे होताच बाळ खाली घ्यावे.