कडेवरचं मूल

दरवर्षी बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या घर सोडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी मोजणी. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, म्हणून अंगावरचं तान्हं असलं तरी आईला मागे राहता येत नाही. पहाटे ती फडात उतरते. कोपीत, म्हणजे झोपडीत, किंवा बांधावर मुलं उरतात, सहा महिन्यांचं, दोन वर्षांचं, पाच वर्षांचं. त्यांना सांभाळते आठ-नऊ वर्षांची बहीण.

लहानमोठी मुलं एकत्र वाढणं चांगलंच. थोरल्याचं बघून धाकटं चालतं, बोलतं. पण एकत्र कुटुंबात ओसरीवर आजी असे, माजघरात काकू. धोका आहे तो मोठ्या माणसांच्या तुटवड्यात. पाच वर्षांच्या मुलाच्या खेळातला मणी दीड वर्षाच्या मुलाच्या तोंडात जातो. एकाचं दुपटं बदलेपर्यंत दुसरं रांगत उंबऱ्यापलीकडे गेलेलं असतं. म्हणून पाळणाघरात किती माणसं हवीत हे नुसत्या पटावरून ठरवू नये, त्यातली तान्ही किती ते आधी पाहावं.

आपल्या 2013च्या राष्ट्रीय बालशिक्षण धोरणात 3 ते 6 वर्षांच्या 20 मुलांमागे एक आणि 3 वर्षांखालच्या 10 मुलांमागे एक माणूस असावं असं म्हटलं आहे. इंग्लंडमध्ये 2 वर्षांखालच्या दर 3 मुलांमागे एक माणूस लागतं. आम्हाला तर 10 हा आकडाच भीतिदायक वाटतो. आग लागली तर एकटी बाई दहा तान्ही उचलून बाहेर कशी पडणार?

अंगणवाडीत एक सेविका, एक मदतनीस. मदतनीस चुलीपाशी, सेविका वजनं, गृहभेटी आणि मोबाइलवरच्या नोंदींत. त्यात थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन येते. ते धाकटं अंगणवाडीतल्या बालवाडीच्या पटावर नसतं, म्हणून त्याच्यासाठी कुणी नेमलेलंही नसतं.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड या गावी हे कडेवरचं मूल नीट पाहिलं होतं. बहीण शाळेत बसायची तर भावंडाची सोय आधी हवी, हे ओळखून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. याच प्रयोगाचं नाव विकासवाडी.

2016 साली खारघरच्या एका पाळणाघरातली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि शहरातले आईबाप पाळणाघरात गेल्यावर आधी कॅमेरा आहे का, हे विचारू लागले. विचारावंच. पण कॅमेरा पडणाऱ्या मुलाला धरत नाही. ‘इथे किती मुलांमागे किती बायका?’ हेही तिथेच विचारा.

आणि ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांच्यासाठी राबतात त्या साखर कारखान्यांना आमचं मागणं आहे. गाळपाआधी तुम्ही उसाच्या टनांचा अंदाज बांधता, तशी टोळ्यांतली तान्ही मुलंही मोजा. दर पाच तान्ह्यांमागे एक बाई नेमा. ती टोळीतलीच असावी, तोडणीला जाऊन मिळाली असती तेवढी मजुरी तिला मिळावी आणि तिच्यावर दुसरं कुठलंही काम नसावं.