क्षयरोग्याला गोळी मिळते; त्याच्या बुडालेल्या मजुरीचे काय?

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत झारखंडमधील ‘राशन्स’ चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे या चाचणीत होती. औषधे आणि दरमहा शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. फरक एवढाच, की एका गटात रुग्णाच्या कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषके देण्यात आली. त्या गटातील कुटुंबीयांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. फुप्फुसांच्या संसर्गजन्य क्षयरोगाचे ४८ टक्क्यांनी. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला.

एखाद्या नव्या लसीने हेच करून दाखवले असते, तर विज्ञानवार्तांचे मथळे आठवडाभर तिचेच गुणगान करत राहिले असते. डाळ-तांदळाच्या वाट्याला तेवढे कौतुक आले नाही. जे प्रयोगशाळेत घडते तेच विज्ञान, आणि जे चुलीवर शिजते ते समाजकल्याण, ही वाटणी आपण मनोमन स्वीकारली आहे. निसर्गाला ती मान्य नाही. जिवाणूला रोखणारी प्रतिकारशक्ती अन्नातूनच उभी राहते.

चाचणी शिध्याची होती, मजुरीची नव्हती, हे खरे. परंतु हातावर पोट असलेल्या घरात शिधा येतो तो मजुरीतूनच. झाशीजवळच्या बिजौलीसारख्या औद्योगिक वसाहतीच्या गावात दोन कामगार शेजारी राहतात असे समजा. एकाचे नाव कारखान्याच्या पटावर आहे, दुसरा रोजंदारीवर. दोघांनाही एकाच महिन्यात क्षयरोगाचे निदान झाले. गोळ्या दोघांनाही मोफत मिळतील. पण पहिल्याला, पुरेशी वर्गणी भरलेली असल्यास, राज्य कामगार विमा योजनेतून दीर्घ आजाराच्या काळात वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते, तीही कमाल दोन वर्षांपर्यंत. क्षयरोगी कामावर जाऊ शकत नाही आणि त्याचे घर चालले पाहिजे, हे तत्त्व या देशाच्या कायद्याने केव्हाच मान्य केले आहे.

दुसऱ्याला मिळतात निक्षय पोषण योजनेचे दरमहा एक हजार रुपये. एप्रिल २०१८ मध्ये ही रक्कम पाचशे होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती दुप्पट झाली. वाढ स्वागतार्ह आहे. पण रोजगार हमीचा २०२४-२५ मधील दर उत्तर प्रदेशात २३७ रुपये आणि महाराष्ट्रात २९७ रुपये होता. म्हणजे सरकार आजारी मजुराला महिन्यातून तीन-चार दिवसांची मजुरी देते आणि उरलेले दिवस त्याने कसे काढावेत, याविषयी मौन पाळते. हा मजूर दुसऱ्या महिन्यात, ताप उतरताच, पुन्हा कामावर गेला आणि त्याच्या गोळ्या चुकल्या, तर नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘उपचार सोडला’ असा शेरा पडतो. उपचार कोणी सोडला? त्याने, की ज्या व्यवस्थेने औषधाची किंमत मोजली आणि बुडालेल्या दिवसांची मोजली नाही, तिने?

यावर एक ठरलेले उत्तर असते: प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे कल्याण कार्यालय नव्हे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी जामखेडचा इतिहास पाहावा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली तेथे गेले, तेव्हा दुष्काळी तालुक्यातल्या लोकांची पहिली मागणी दवाखान्याची नव्हती, पाण्याची आणि अन्नाची होती. म्हणून त्यांच्या आरोग्यकार्यात विहिरी आल्या, शेतकरी मंडळे आली, महिला मंडळे आली. आणि ज्यांना शाळा ठाऊक नव्हती अशा बायका गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. १९७८ च्या अल्माआटा जाहीरनाम्यानेही अन्न, शेती आणि निवारा यांना प्राथमिक आरोग्याच्या कक्षेबाहेर ठेवले नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला लाखो रुपये देणाऱ्या विमा योजना आपल्याकडे आहेत. त्या रुग्णाच्या खाटेचे बिल भरतात, त्याच्या रिकाम्या डब्याचे नाही. आणि शिध्यासाठी २०२२ पासून ‘नि-क्षय मित्र’ आहेत, म्हणजे दात्यांचे औदार्य. औदार्याला विरोध कशाला असावा? परंतु कारखान्यातील कामगाराला जे हक्काने मिळते, ते रोजंदारीवरच्या मजुराला दात्याच्या मर्जीने मिळावे, ही विषमता कोणत्याही शास्त्रीय तर्कात बसत नाही. जिवाणू वेतनपट पाहून शिरत नाही.

मागणी साधी आहे. क्षयरोगाची नोंद होताच, उपचार संपेपर्यंत, असंघटित मजुराला निदान रोजगार हमीच्या दराने बुडालेली मजुरी मिळावी आणि पूर्ण कुटुंबाला शिधा मिळावा. त्याची शिफारस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी. कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे आशा सेविकेला आधीच ठाऊक असते. पहिला हप्ता गोळ्यांच्या पहिल्या पाकिटाबरोबर पडावा. उपचार संपल्यावर आलेल्या पैशाने वजन वाढत नाही.

क्षयमुक्तीच्या पुढील घोषणेत किती यंत्रे बसवली आणि किती तपासण्या केल्या, याचे आकडे असतील. ते जरूर वाचावेत. मग एक आकडा मागावा: किती रुग्णांची मजुरी भरून दिली?