घरच सरपण होतं तेव्हा

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या दोन वस्त्या जळाल्या: समुद्राकडच्या डोंगरउतारावरची पॅसिफिक पॅलिसेड्स आणि सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याची अल्टाडीना. ३१ माणसं गेली, १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. त्या वेळची हवाई छायाचित्रं नीट पाहिली तर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. गल्लीच्या गल्ली राख झाली आहे, घराच्या जागी विटांचं धुराडं तेवढं उरलं आहे, आणि त्याच आवारातलं झाड हिरवं उभं आहे. ज्वाळांची भिंत डोंगरावरून येऊन वस्ती गिळून गेली असती, तर झाड आधी जळालं असतं. डोंगरवस्त्यांची राखरांगोळी होते ती मुख्यतः घराने घर पेटवल्यामुळे, आणि म्हणूनच ती पुष्कळ अंशी टाळता येते, असं माझं म्हणणं आहे.

याच्या विरुद्ध बोलणारे पक्ष अनेक आहेत आणि त्यांतला एकही पोरकट नाही.

पहिला पक्ष वाऱ्याला दोष देतो. इतका सोसाट्याचा वारा असल्यावर माणसाच्या हातात काय उरतं, असा त्याचा सवाल. वारा भयंकर होता हे खरंच आहे. पहिल्या रात्री पाणी टाकणारी विमानंसुद्धा खाली उतरवावी लागली. पण हा वारा काही अनोळखी पाहुणा नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात त्याला सांता आना म्हणतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला डायब्लो. वाळवंटी अंतर्भागातून समुद्राकडे वाहणारा हा कोरडा वारा दरवर्षी येतो, आणि २०२५ मध्ये तर हवामान खात्याने आधीच अत्यंत धोक्याचा इशारा दिला होता. सप्टेंबर १९२३ मध्ये अशाच वाऱ्याने बर्कलीच्या टेकडीवरच्या जवळपास सहाशे इमारती गेल्या. ६ नोव्हेंबर १९६१ ला बेल एअरमध्ये ४८४ घरं जळाली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्या पेटल्या. शंभर वर्षं जे ठरल्या ऋतूत येतं, त्याला अकल्पित आपत्ती म्हणणं म्हणजे स्वतःचं कर्तव्य आकाशावर ढकलणं आहे.

ओकलंडचं प्रकरण जरा सविस्तर पाहावं असं आहे, कारण पुढचे जवळजवळ सगळे धडे त्यात आले होते. शनिवारी, १९ ऑक्टोबरला, कॅल्डकॉट बोगद्याजवळच्या उतारावर काही एकरांत गवत पेटलं. अग्निशमन दलाने ते आटोक्यात आणलं. पण सुक्या पाचोळ्याखाली धग राहिली होती. रविवारी सकाळी वारा सुटला आणि ठिणगी बाहेर पडली. घरांवर लाकडी फळकुटांची छपरं होती, भोवती नीलगिरी आणि पाइनची गर्दी होती. जळणारी फळकुटं वाऱ्याबरोबर उडून पुढच्या छपरांवर पडत होती. विजेच्या तारा जळाल्या तसे पाणी वर चढवणारे पंप बंद पडले आणि टेकडीवरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, तर त्यांच्या पाइपांची तोंडं ओकलंडच्या हायड्रंटना बसेनात: तिथली जोडणी तीन इंची, इतरांची अडीच. चॅरिंग क्रॉस रोडसारख्या चिंचोळ्या, वळणावळणाच्या रस्त्यांवर मोटारी एकमेकींत अडकल्या. मेलेल्या २५ जणांपैकी कित्येक अशा रस्त्यांवरच मेले. त्यांत लोकांना बाहेर काढत असलेला एक पोलीस अधिकारीही होता. सुमारे २,८०० स्वतंत्र घरं आणि चारशेहून अधिक सदनिका गेल्या.

आणि पॅलिसेड्स? १ जानेवारी २०२५ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या डोंगरावर आठ एकरांची एक आग लागली, विझवली गेली. केंद्रीय तपासयंत्रणेचं म्हणणं असं, की ती झुडपांच्या मुळांत धुमसत राहिली आणि ७ जानेवारीच्या वाऱ्याने पुन्हा वर आली. लोक निघाले तेव्हा रस्ते तुंबले. मोटारी जिथल्या तिथे टाकून लोक पायी पळाले आणि मग बुलडोझरने त्या मोटारी बाजूला ढकलाव्या लागल्या. तेहेतीस वर्षांनी तेच घडलं. वाऱ्याला दोष देणाऱ्यांनी या दोन हकिगती शेजारी ठेवून वाचाव्यात.

दुसरा पक्ष जंगलाचा. झाडझाडोरा साफ केला नाही, म्हणून आग लागली, असं तो म्हणतो. सिएरा नेवाडाच्या पाइनच्या रानांबद्दल त्यात तथ्य आहे. तिथे पूर्वी जमिनीलगतच्या लहान आगी वरचेवर लागत आणि तळ मोकळा ठेवत. शतकभर प्रत्येक आग विझवत गेल्याने जळण साचलं. लॉस एंजेलिसभोवतीचे डोंगर मात्र चॅपरालचे, म्हणजे कंबर ते डोकंभर उंच, चिवट झुडपांचे. ही झुडपं वारंवार जाळली किंवा खरवडली तर त्यांच्या जागी परदेशी गवत माजतं. ते लवकर सुकतं आणि अधिक सहज पेटतं. म्हणजे डोंगर सरसकट बोडका करण्याच्या या उपायाने आग जवळ येते.

शिवाय जंगलाच्या ज्वाळा लांबून घर पेटवतात, हेच मुळात खरं नाही. अमेरिकी वनसेवेतले संशोधक जॅक कोहेन यांनी १९९० च्या दशकात कॅनडाच्या उत्तर भागात प्रत्यक्ष जंगल पेटवून त्यासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या; तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. घर जातं ते निखाऱ्यांनी. वाऱ्यावर मैलभर पुढे उडणारे लहान लहान निखारे छपराच्या पन्हळीतल्या सुक्या पानांत पडतात, माळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात, भिंतीला टेकलेल्या लाकडी कुंपणावर, पायपुसण्यावर, खिडकीखालच्या शोभेच्या झुडपावर बसतात. एक घर पेटलं की त्याची उष्णता तासन् तास शेजारच्या भिंतीवर पडत राहते, आणि ती झुडपांच्या ज्वाळेसारखी मिनिटाभरात ओसरत नाही.

तिसरा पक्ष सर्वांत लोकप्रिय: पाणी संपलं. पॅलिसेड्समध्ये उंचावरचे हायड्रंट कोरडे पडले, दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या रिकाम्या झाल्या, आणि ११ कोटी ७० लाख गॅलनचा सांता यनेझ जलाशय दुरुस्तीसाठी मोकळा करून ठेवलेला होता. या गोष्टीचा राग येणं योग्य आहे, आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण शहराची जलवाहिनी एका वेळी एक-दोन घरांच्या आगीसाठी आखलेली असते. शेकडो घरं एकदम जळत असताना, जळालेल्या प्रत्येक घराचा फुटलेला नळ वाहत असताना, कोणताही जलाशय त्या वाहिनीतला दाब टिकवू शकणार नाही. ओकलंडने हायड्रंटची तोंडं पुढे बदलली, ते चांगलंच केलं. तरी हजार घरं पेटल्यावर हजार बंब कुठून आणणार? घरं पेटणार नाहीत याची सोय बंब येण्याच्या कितीतरी वर्षं आधी करायची असते.

चौथा पक्ष म्हणतो, श्रीमंतांनी हौसेने डोंगर बळकावले, त्यांनी भोगावं. हे बोलणं मला सगळ्यांत जास्त लागतं. अल्टाडीनामध्ये अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी त्या काळात घरं घेतली, जेव्हा इतर ठिकाणी त्यांना घर मिळूच दिलं जात नव्हतं. त्यांतली कितीतरी घरं डोंगराच्या कडेला नव्हती, शहरी गल्ल्यांच्या जाळ्यात पुष्कळ आत होती. आग ७ जानेवारीच्या संध्याकाळी लागली; लेक अव्हेन्यूच्या पश्चिमेकडच्या लोकांना घर सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर मिळाला. जवळजवळ सगळे मृत्यू त्याच बाजूचे, आणि मेलेल्यांत बरेच जण वृद्ध किंवा अपंग होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये पॅराडाइज गावातल्या आगीत ८५ जण गेले, तिथेही निवृत्त, बेताच्या उत्पन्नाची माणसं फार होती. नव्या जागी, नव्या घळींत वस्ती वाढवू नये, हे मलाही मान्य आहे. पण लाखो माणसं आज तिथे राहतात. कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर मराठी कुटुंबंही आहेत. त्यांना ‘गेलातच कशाला’ विचारल्याने एकही झरोका बंद होत नाही.

मग करायचं काय, हे अंधारात चाचपडण्यासारखं राहिलेलं नाही. छप्पर न जळणारं हवं. माळ्याच्या झरोक्यांना निखारा अडवणारी बारीक धातूची जाळी हवी. खिडक्यांना दुहेरी, टफन्ड काच हवी. आणि भिंतीपासून पाच फुटांत जळणारं काहीही नको: ना झुडूप, ना लाकडी कुंपणाचं टोक, ना सरपणाचा ढीग. पॅराडाइजच्या अभ्यासात १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी जेमतेम ११-१२ टक्के वाचली होती. २००८ पासूनच्या कडक नियमांच्या काळात बांधलेल्यांपैकी सुमारे ४३ टक्के. २००७ च्या ‘विच’ नावाच्या आगीत सॅन डिएगोजवळच्या रँचो सांता फेमधल्या ज्या पाच वसाहती सुरुवातीपासून अग्निरोधक नियमांनी बांधल्या होत्या, तिथे एकही घर गेलं नाही.

पॅराडाइजच्या त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. घर वाचलं की नाही, हे फार करून शेजारचं जळालेलं घर किती जवळ होतं यावर ठरलं. मी सगळं करून बसलो आणि वीस फुटांवरच्या शेजाऱ्याने काहीच केलं नाही, तर माझी काच तडकणार. म्हणून माझं घर, माझी मर्जी हा युक्तिवाद इथे चालत नाही. साथीच्या रोगात लस जशी गल्लीभर टोचावी लागते, तसं हे काम गल्लीभर करावं लागतं, आणि ते कायद्याशिवाय होत नाही.

कायद्याचा इतिहास मात्र दुःखद आहे. १९२३ नंतर बर्कलीने लाकडी छपरांविरुद्ध नियम केला. लाकूडधंद्याच्या दबावापुढे तो टिकला नाही. पहिल्या पाच फुटांचा राज्यव्यापी कायदा २०२० मध्ये झाला, त्याचे नियम २०२३ च्या सुरुवातीपर्यंत तयार व्हायचे होते. पॅलिसेड्स जळालं तेव्हा ते कागदावरही पुरे नव्हते. विरोध करणारे सावलीची, बागेची, खर्चाची गोष्ट सांगतात. सावलीचं म्हणणं मी मानतो, म्हणूनच मोठी, फांद्या छाटलेली झाडं काढायची गरज नाही, हे नियमांत स्पष्ट लिहावं. खर्चाचं म्हणणं तर सोळा आणे खरं आहे. पेन्शनवर जगणाऱ्या बाईला जाळी, छप्पर, काचा बदलायला पैसे सरकारने आणि विमा कंपन्यांनी द्यायला हवेत. पण गुलाबाचं झुडूप खिडकीखालून सहा फूट दूर नेण्याला ‘अन्याय’ म्हणणाऱ्यांशी मला वाद घालावासा वाटतो. त्याच बर्कलीने मात्र २०२५ मध्ये आपल्या टेकड्यांसाठी हा पाच फुटांचा नियम स्वतःहून केला.

आता पॅलिसेड्स आणि अल्टाडीना पुन्हा बांधली जात आहेत. परवाने लवकर मिळावेत म्हणून जुन्या घराच्या ११० टक्के आकारापर्यंत सवलती दिल्या गेल्या. बेघर झालेल्यांना घाई आहे आणि ती रास्त आहे. ओकलंडमध्येही लोकांना अशीच घाई होती. तिथे छपरं सुधारली, पण त्याच चिंचोळ्या रस्त्यांवर, त्याच भूखंडांवर पूर्वीपेक्षा मोठी घरं उभी राहिली आणि दोन घरांमधलं अंतर आणखी कमी झालं. हे अंतर आणि हा रस्ता या दोन गोष्टी घर उभं राहिल्यावर बदलता येत नाहीत. पॅलिसेड्समध्ये बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे काढायचा आणि अल्टाडीनात दोन भिंतींमध्ये किती फूट सोडायचे, हे पाया खणण्याआधी ठरलं पाहिजे.