वनपट्टा सातबाऱ्याच्या चौकटीत कोंबू नका

प्रति,
जमाबंदी आयुक्त, पुणे, सचिव, कृषी विभाग आणि आदिवासी विकास विभाग, जिल्हाधिकारी, पालघर, प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, डहाणू

महोदय,

राज्यातल्या शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याचं मोठं काम आपण हाती घेतलं आहे. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. त्यामागची अ‍ॅग्रिस्टॅक या डिजिटल शेतकरी नोंदवहीतली नोंदणी सातबाऱ्याच्या पायावर उभी आहे. डहाणू तालुक्यातल्या चारोटीहून कुठल्याही पाड्याकडे वळा, भात आणि नागली पिकवणारी अशी घरं भेटतील ज्यांच्या हाती सातबारा नाही, वनपट्टा आहे, म्हणजे वन हक्क कायद्याखाली मिळालेलं वनजमिनीचं हक्कपत्र. त्यांची नोंद या प्रणालीत कोणत्या रूपात जाणार, यासाठी हे पत्र.

कंपन्यांच्या सॉफ्टवेअर प्रणाली एकमेकींना जोडणं हा माझा व्यवसाय आहे. विक्रीची प्रणाली वेगळी, हिशेबाची वेगळी, गोदामाची वेगळी. ग्राहक तिन्हींत असतो, पण कुठे तो पत्त्याला बांधलेला असतो, कुठे खात्याला, कुठे करारनाम्याला. रकान्यांची नावं सारखी दिसली म्हणून माहिती ओतली, तर प्रणाली चालू होते आणि चुका महिनोन्‌महिने कुणाला दिसतही नाहीत. म्हणून जोडणीच्या आधी प्रत्येक नोंद नेमकी कशाची आहे, हे कागदावर ठरवावं लागतं. वनपट्ट्यांच्या बाबतीत हेच काम आधी व्हायला हवं.

सातबारा गट किंवा सर्व्हे क्रमांकावर चालतो. वनपट्टा बहुतेक वेळा अशा मोठ्या गटाचा एक तुकडा असतो ज्याच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून वन विभागाचं नाव आहे. वन विभाग स्वतः ती जमीन कक्ष क्रमांकाने ओळखतो. म्हणजे एकाच खाचराला महसुलाच्या वहीत एक ओळख, वनखात्याच्या वहीत दुसरी, आणि पट्ट्यावर हाताने काढलेला किंवा जीपीएसने मोजलेला नकाशा ही तिसरी. पट्टेधारकाचं नाव आणि गट क्रमांक जुळतो का, असं संगणकाला विचारलं तर तो नाही म्हणणारच. त्या ‘नाही’चा अर्थ हक्क नाही असा लावला गेला, तर तो अन्याय यंत्राने केलेला नसेल. तो आराखडा ठरवणाऱ्यांनी केलेला असेल.

दुसरी गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. वन हक्क कायदा २००६ च्या कलम ४(४) प्रमाणे विवाहितांचा हक्क पती आणि पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा असतो. ओळख क्रमांक मात्र एकेका व्यक्तीला मिळतो, आणि पीएम किसान योजना पती, पत्नी व अज्ञान मुलं यांना मिळून एक कुटुंब मानते. एका जमिनीकडे पाहणारी ही तीन मापं आहेत. घाईच्या नोंदणीत नवऱ्याचं नाव आणि आधार टाकून पुढे जाणं सोपं असतं. मग कायद्याने बाईला दिलेला हक्क माहिती भरताना नाहीसा होईल, आणि त्यासाठी कुणाला आदेशही काढावा लागणार नाही. हे होऊ देऊ नका.

त्याच कलमाप्रमाणे हा हक्क वारसाने जातो, पण विकता येत नाही. सातबाऱ्याच्या प्रणालीत खरेदीखताच्या फेरफाराची वाट असते. पट्ट्याच्या नोंदीला ती वाटच ठेवू नये, आणि वारस नोंदीची वाट मात्र मोकळी हवी.

गाव आणि जिल्ह्याची ओळखही अशीच सरळ जुळत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या पट्ट्यांवर जिल्हा ठाणे आहे. वन हक्काच्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते, आणि पेसा कायद्याच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभा एका पाड्याचीही असू शकते. महसुली गावाच्या यादीत तो पाडा वेगळा दिसत नाही. क्षेत्राचं एककही तपासा. आमच्याकडे लोक एकर-गुंठ्यांत बोलतात. २-२० म्हणजे अडीच एकर, साधारण १.०१ हेक्टर. तेच आकडे हेक्टर-आर समजून भरले तर साडेपाच एकरांच्या आसपास जातील.

हे सगळं आत्ताच का? कारण मागचं काम राहिलं आहे. २०१२ साली सुधारलेल्या वन हक्क नियमांनुसार, पट्टे दिल्यानंतर महसूल आणि वन विभागाने अंतिम नकाशा करून हक्कांची नोंद आपापल्या अभिलेखांत जास्तीत जास्त तीन महिन्यांत घ्यायची होती. ते सर्वत्र झालं असतं तर आज जुळवाजुळव इतकी अवघड नसती. वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, द्रुतगती मार्ग यांसाठी याच जिल्ह्यात जमिनींचे व्यवहार चालले आहेत. नोंदीत नसलेल्या माणसाला मोबदल्याच्या रांगेत उभं राहणंही कठीण होतं.

माझी मागणी अशी. वनपट्ट्याला प्रणालीत स्वतंत्र प्रकारची नोंद द्या. तिला दोन धारक, स्वतःचा नकाशा आणि ग्रामसभेचं नाव असू द्या. गट, कक्ष, जुना जिल्हा आणि आजचा जिल्हा यांचा मेळ घालणारा तक्ता एकदाच, सर्व विभागांनी बसून तयार करा आणि तो लोकांना पाहू द्या. मूळ पट्ट्यावर लिहिलेलं नाव जसंच्या तसं जपा, आधारवरचं नाव त्याच्या शेजारी ठेवा, एकाने दुसरं पुसू नका. न जुळलेला अर्ज नाकारला जाऊ नये. तो ग्राम महसूल अधिकारी आणि वन हक्क समितीसमोर पाड्यावर वाचला जावा आणि तिथेच दुरुस्त व्हावा.

आणि हा तक्ता सांभाळणारा एक अधिकारी नेमा. चार विभागांच्या मध्ये पडलेल्या कामाला मालक लागतो. त्याचं पद आणि कार्यालय डहाणू व तलासरीच्या तहसील कार्यालयांत फलकावर लावा. पुढच्या खरिपाच्या आत चारोटी परिसरातल्या काही पाड्यांवर ही पद्धत करून पाहा. रकाने तपासायला आणि जुने पट्टे वाचायला मी माझा वेळ विनामूल्य देईन.

आपली,
चारोटी परिसरातील एक सॉफ्टवेअर व्यावसायिक